जखम भरली, अंगठा राहून गेला

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके हाताच्या कामावर उभे आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी इथल्या कारखान्यांपर्यंत पोचतो तो मोठ्या प्रमाणावर कोयत्याने तोडूनच. वालचंदनगरला यंत्रे घडतात, भिगवणला कागद तयार होतो, बारामतीच्या एमआयडीसीत गाड्यांपासून दूध पावडरीपर्यंत नाना तऱ्हेचे उत्पादन चालते. घरोघरी कडबाकुट्टी आहे, द्राक्षाच्या छाटणीला कात्री आहे, गोठ्यात धार काढायची आहे. जिथे पाते, पट्टा आणि चाक यांच्याशी रोजचा संबंध, तिथे हाताला इजा होणारच. इजा झाली की माणूस दवाखान्यात जातो, टाके पडतात, दहा-बारा दिवसांनी ते निघतात आणि हात बरा झाला असे सगळेच धरून चालतात. या लेखाचा आक्षेप नेमका या समजुतीवर आहे. कातडी सांधली याचा अर्थ हात बरा झाला असा होत नाही. मज्जातंतू तुटला असेल तर खरे नुकसान त्यानंतरच्या महिन्यांत होत जाते, आणि ते सर्वांत आधी अंगठ्यावर येते. ते भरून काढणारी शस्त्रक्रिया जुनी आहे, खात्रीची आहे, तिला अवजड यंत्रसामग्री लागत नाही. कमी पडते ते अंगठा वेळेवर तपासणे आणि तपासणीनंतर माणसाला योग्य ठिकाणी धाडणे. ही दोन्ही कामे तालुक्याच्या पातळीवरची आहेत.

अंगठ्याचे मोल कायद्यानेही ओळखले आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे धरतात, अंगठा गेला तर ३० टक्के. दुपटीहून मोठा हा फरक अंगठ्याच्या एका हालचालीमुळे पडतो. अंगठा तळहातापासून वर उचलला जातो, स्वतःभोवती वळतो आणि त्याचे पेर दुसऱ्या बोटांच्या पेरासमोर येऊन टेकते. सुई उचलणे, गुंडी लावणे, चिमटीने मीठ टाकणे, तांब्याला विळखा घालणे ही सगळी कामे या समोर येण्यावर चालतात. ती हालचाल करणारे छोटे स्नायू अंगठ्याच्या बुडाशी, तळहातावरच्या मांसल उंचवट्यात असतात. त्यांना मेंदूचा हुकूम पोचवतो तो मुख्यतः मधला मज्जातंतू, ज्याला डॉक्टर मीडियन नर्व्ह म्हणतात. अंगठा तर्जनीकडे आवळून धरणारा स्नायू अल्नर नर्व्हवर, म्हणजे कोपराच्या मागून करंगळीच्या बाजूने उतरणाऱ्या मज्जातंतूवर चालतो. अंगठा मागे उघडणारे स्नायू दंडाच्या हाडाला वळसा घालून येणाऱ्या रेडियल नर्व्हवर चालतात. एका अंगठ्याचा कारभार असा तीन मज्जातंतूंत वाटलेला आहे. त्यामुळे एक तुटला तरी अंगठा पुरता लुळा पडत नाही, आणि नुकसान लपून राहते तेही यामुळेच.

ऊसतोड मजुराच्या बाबतीत ते कसे लपते ते पाहण्यासारखे आहे. उजव्या हातात कोयता आणि डाव्या हातात ऊस असतो. घाव चुकला तर तो डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बसू शकतो आणि मीडियन नर्व्ह तिथे कातडीखाली अगदी उथळ असतो. तो तुटला की अंगठ्याच्या बुडातले स्नायू निकामी होतात. पण अंगठ्याचे टोक वाकवणारा लांब स्नायू पुढच्या हातात, मनगटाच्या बराच वर असतो. त्याची शाखा वरच फुटलेली असल्याने तो चालू राहतो. अल्नर नर्व्हवरचा आवळणारा स्नायूही शाबूत असतो. त्यामुळे मूठ वळते, दांडा धरता येतो, ऊस कवेत घेता येतो. हंगाम चालू असताना मुकादमालाच काय, खुद्द मजुरालाही हात कामाचा वाटतो. उणीव दिसते ती रुंद वस्तू धरताना, कारण अंगठा तळहातापासून पुरेसा उघडत नाही. बारीक वस्तू उचलतानाही ती दिसते, कारण पेरासमोर पेर येत नाही. जोडीला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची संवेदना गेलेली असते, म्हणून भाकरी उलटताना चटका बसला तरी कळत नाही. काही महिन्यांत बुडाचा उंचवटा सपाट होत जातो आणि अंगठा इतर बोटांच्या रांगेत येऊन बसतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. हाताची पाठ टेबलाला टेकवून तळहात वर करावा आणि अंगठ्याच्या वर थोड्या अंतरावर एक पेन आडवा धरावा. अंगठा सरळ वर उचलून पेनाला लावता आला तर मीडियन नर्व्हवरचा मुख्य स्नायू जागा आहे. दुसरी चाचणी कागदाची. अंगठा आणि तर्जनीच्या बाजूत कागद धरून दुसऱ्याने तो ओढावा. तो धरून ठेवायला अंगठ्याचे टोक वाकवावे लागत असेल तर अल्नर नर्व्हवरचा आवळणारा स्नायू दुबळा आहे. ही खूण फ्रेंच वैद्य ज्यूल फ्रोमाँ यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या हातांवरून नोंदली. मिनिटभरात होणाऱ्या या दोन तपासण्या टाके घालण्यापूर्वी आणि टाके काढताना केल्या, तर बरेचसे नुकसान कागदावर येईल. निकड अशासाठी की इथे काळ मर्यादित आहे. तुटलेला मज्जातंतू जोडला तर त्याचे धागे जोडापासून पुढे साधारण दिवसाला १ मिलिमीटर या गतीने वाढतात. दुसरीकडे, हुकूम मिळत नसलेला स्नायू सुकत जातो आणि साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर मज्जातंतू पोचला तरी तो प्रतिसाद देत नाही. मनगटापाशीच्या जखमेत हे अंतर काही सेंटिमीटरच असते, त्यामुळे वेळेवर जोडणी झाली तर आशा चांगली. कोपराजवळची जखम असेल तर २५ सेंटिमीटरच्या वाटेला आठ-नऊ महिने लागतात. कार्तिकात फडात झालेल्या इजेचा निकाल पुढच्या श्रावण-भाद्रपदात लागणार, आणि तोवर गाळप संपून टोळी बीड किंवा अहिल्यानगरकडे आपल्या गावी परतलेली असते. पहिल्या डॉक्टरला तो अंगठा पुन्हा दिसतच नाही.

मज्जातंतूची वाट बंद झाली की स्नायू-स्थलांतराचा विचार होतो. शरीरातला चालू असलेला, पण ज्याच्यावाचून भागेल असा एक स्नायू निवडतात. त्याच्या टोकाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, मूळ जागेवरून सोडवून अंगठ्याला नेऊन शिवतात. स्नायूचे मांस, रक्तपुरवठा आणि मज्जातंतू जागच्या जागी राहतात, ओढ फक्त नव्या ठिकाणी लागते. सर्वांत रूढ पद्धतीत अनामिकेची एक कंडरा घेतात. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात, एक उथळ आणि एक खोल. त्यातली उथळ कंडरा सोडवून मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला वाटाण्याएवढे जे हाड लागते, त्याच्याजवळ वळवून तळहातातून अंगठ्यापर्यंत आणतात. विहिरीवरच्या मोटेला चाक नसते तर बैलाची आडवी ओढ पाणी वर आणू शकली नसती. तसा हा वळसा नसेल तर कंडरा अंगठ्याला कोपराकडे ओढेल, समोर आणणार नाही. अमेरिकी शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी १९३८ मध्ये ओढीच्या दिशेचा हा नियम मांडला आणि तो आजही पाळला जातो. इतर वाटाही आहेत. मनगटापाशी मीडियन नर्व्ह दीर्घकाळ दाबला गेला असेल तर तळहाताकडे जाणारी पामारिस लाँगस ही कंडरा वापरतात. ही कल्पना कॅमिट्झ यांची, १९२९ ची. कोपराजवळच्या जखमेत अनामिकेचा उथळ स्नायूच लुळा असतो, तेव्हा तर्जनी सरळ करणाऱ्या दोन कंडरांपैकी एक हाताच्या पाठीवरून वळवून आणतात. ही पद्धत बर्कहाल्टर यांनी १९७३ मध्ये रूढ केली. दंडाचे हाड मोडून रेडियल नर्व्ह दुखावला आणि अंगठा मागे उघडेना, तर पामारिस लाँगस अंगठ्याच्या पाठीवरच्या कंडरेला जोडतात. मात्र तिथे घाई करायची नसते. हाड मोडताना दबलेला रेडियल नर्व्ह बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप सुधारतो, म्हणून आधी वाट पाहतात.

ही शस्त्रक्रिया साध्या साधनांत आणि गरीब रुग्णांवर यशस्वी होते, याचा सर्वांत भक्कम पुरावा भारतातच तयार झाला आणि तो कुष्ठरोगाने दिला. कुष्ठरोगाचा जंतू कोपरापाशी अल्नर आणि मनगटापाशी मीडियन नर्व्ह खातो. बोटे आकडा होतात, अंगठा सपाट पडतो. हा मज्जातंतू शिवून जोडण्यासारखा राहत नाही, त्यामुळे नुकसान कायमचे झाल्यावर वाट पाहण्यात अर्थ नसतो. पॉल ब्रँड हे तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले इंग्रज शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते. १९४८ पासून त्यांनी या हातांवर स्नायू-स्थलांतर सुरू केले. कुष्ठरोग्याचे मांसच सडके, त्यावरची जखम भरणार नाही, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. जखमा भरल्या, बोटे उघडली, अंगठे समोर आले. महाराष्ट्रात नोशिर अंटिया यांनी पुण्याच्या कोंढव्यातल्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जरी विभागात हे काम वाढवले. सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेचे युग यायचे होते, त्या काळातले हे यश आहे. साध्या शस्त्रक्रियागृहात, स्थानिक भूल देऊन, फिजिओथेरपिस्टच्या मदतीने ते मिळाले. पुढे १९८२ पासून बहुऔषधोपचार आला आणि रोग आटोक्यात आला, तरी भारतात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. त्यातल्या ज्यांना विकृती येते त्यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेची सोय आहे आणि बुडणाऱ्या मजुरीपोटी अनुदानही मिळते.

या इतिहासातला सर्वांत उपयोगी धडा शस्त्रक्रियागृहाबाहेरचा आहे. कुष्ठरोग कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्राचा कर्मचारी रुग्णाचा अंगठा वर उचलायला लावून, बोटाने दाबून त्याची ताकद पाहतो, पेनाच्या टोकाने संवेदना तपासतो, नोंद ठेवतो, आणि ताकद घटली की वर कळवतो. म्हणजे अंगठ्याची तपासणी सर्जनशिवाय, खेड्यातही होऊ शकते हे या कार्यक्रमाने देशभर सिद्ध केले आहे. मग तोच अंगठा, तोच मज्जातंतू कोयत्याने तुटला तर ती तपासणी का होऊ नये? जंतूने मारलेल्या मज्जातंतूच्या पाठी एक राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पात्याने तोडलेल्या मज्जातंतूला मात्र असा खास कार्यक्रम नाही, तिथे रुग्ण आणि त्याचे नशीब. कार्यपद्धती तयार आहे, ती फक्त अपघाताच्या हाताला लावायची आहे.

यावर पहिली शंका येते ती चांगल्या बोटाचे नुकसान करून अधू अंगठा का सुधारायचा ही. शंका रास्त आहे. उथळ कंडरा गेलेल्या अनामिकेची पकड थोडी कमी होते आणि क्वचित मधला सांधा ताठ होतो किंवा मागे झुकतो. पण खोल कंडरा ते बोट वाकवत राहते, आणि अनामिकेचे थोडे बळ देऊन मोबदल्यात अख्ख्या हाताची चिमूट मिळते. जिथे हा हिशेब जुळत नाही तिथे सर्जन तो करतही नाहीत. कोपरापाशी अल्नर नर्व्ह मेला असेल तर अनामिकेची खोल कंडरा आधीच दुबळी असते. तिची उथळ कंडरा काढली तर ते बोट वाकणारच नाही, म्हणून तेव्हा दुसऱ्या बोटाची निवडतात. शिवाय मीडियन नर्व्ह तुटलेल्या प्रत्येकाला ही शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. काहींच्या हातात अल्नर नर्व्हच अंगठ्याच्या स्नायूंचा बराच भार उचलतो आणि अंगठा बऱ्यापैकी समोर येतो. कोणाला लागते आणि कोणाला नाही, हे तपासणीवाचून ठरवता येत नाही.

दुसरी शंका शिकलेल्या वाचकाची असते. आता सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतू जोडता येतात, इतकेच काय, चालू मज्जातंतूची एखादी शाखा वळवून निकामी स्नायूला देता येते; मग शंभर वर्षांपूर्वीच्या कल्पनेला का कवटाळायचे? मज्जातंतू ताजा तुटला असेल तर तो जोडणे हाच पहिला उपाय आहे यात वाद नाही, कारण संवेदना परत आणायचा दुसरा चांगला मार्ग नाही. पण या सर्व उपायांना एक अट आहे: स्नायू सुकण्याआधी मज्जातंतू पोचला पाहिजे. वर्ष-दीड वर्ष उलटून आलेल्या माणसाला ते देता येत नाहीत. स्नायू-स्थलांतर पाच वर्षांनीही करता येते, कारण त्यात जिवंत स्नायूचीच ओढ नव्या जागी लागते. म्हणून उशिरा पोचणाऱ्या ग्रामीण रुग्णासाठी ही जुनी शस्त्रक्रिया जास्त उपयोगाची ठरते. इथे अट वेगळी आहे. सांधा मोकळा हवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी आखडली, बुडाचा सांधा ताठला, तर कितीही बळकट स्नायू जोडला तरी अंगठा हलत नाही. दुसऱ्या हाताने दिवसातून अनेकदा अंगठा उघडून समोर आणणे आणि रात्री साधी पट्टी बांधून तो उघडा ठेवणे, एवढ्या बिनखर्चाच्या कामावर पुढचे यश अवलंबून असते. जखम भरल्यावर रुग्णाला हे कोणी सांगितले नाही, तर पाच वर्षांची सवलत पाच महिन्यांतच संपते.

तिसरी शंका संवेदनेची आहे. बोटांना काही कळतच नसेल तर हालचाल परत आणून काय साधणार? स्पर्श नसलेल्या हाताची बारीक कामे कधीच पहिल्यासारखी होत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण कुष्ठरोग्यांचे हात इथेही साक्ष देतात. त्यांनी डोळ्याने पाहून धरायला, गरम भांड्याला फडके वापरायला, रोज हात तपासायला शिकून घेतले आणि सुधारलेल्या अंगठ्याने ते कामाला लागले. चौथी शंका पोटाची आहे, आणि तीच सर्वांत खरी. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवडे हात प्लास्टरमध्ये राहतो. मग व्यायाम सुरू होतो. सुरुवातीला अनामिका वाकवायचा प्रयत्न केला की अंगठा हलतो, आणि मेंदू ही नवी सांगड काही आठवड्यांत आत्मसात करतो. जड कामाला साधारण तीन महिने लागतात. रोजंदारीच्या माणसाला ते परवडत नाहीत. पण आखाडापासून नव्या गाळपापर्यंतचे महिने ऊसतोड मजुराच्या हाताशी असतात, आणि शस्त्रक्रिया तातडीची नसल्याने ती त्या काळात ठरवता येते. कायद्याचाही आधार आहे: नुकसानभरपाईच्या कायद्यानुसार अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला तर तो अवयव गमावल्याप्रमाणेच धरतात. मात्र त्यासाठी अंगठा निकामी झाल्याची नोंद अपघाताच्या कागदांत असायला हवी, आणि 'जखम भरली' या शेऱ्यावर फाइल बंद झाली तर ती होतच नाही.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, पुण्याचे ससून बारामतीहून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. प्रश्न रुग्ण तिथवर पोचवण्याचा आहे. टाके घालणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने पेनाची आणि कागदाची चाचणी करून निकाल केसपेपरवर लिहावा. कारखान्यांनी आणि ऊसतोड मुकादमांनी हंगाम संपण्यापूर्वी, टोळी गावी निघण्याआधी, जखमी झालेल्या प्रत्येक हाताची तपासणी करवून घ्यावी आणि कागद मजुराच्या हाती द्यावा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. आणि ज्यांच्या घरात असा हात आहे, त्यांनी जखम किती जुनी आहे हे न पाहता अंगठा पेनाला लागतो का ते आज बघावे. लागत नसेल तर सांधा मोकळा ठेवावा आणि हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला दाखवावे. उशीर झाला म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही, पण सांधा आखडू देण्यालाही माफी नाही.